तान्ह्या पोळ्याचा बैल

बाबूजी, मी बॅटरीवर चालणारी कार घेतली आहे. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे, जणू तुम्ही अजून गावच्या स्टँडवर बसलेले आहात आणि मी फक्त तिथवर जायचा कंटाळा केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची फ्रेम वाळवीनं खाल्ली आणि मायनं ती बदलूनही घेतली. तरी आपल्या घरात गाडीचा विषय निघाला की सगळे आधी फोटोकडे बघतात आणि मग माझ्याकडे. म्हणून म्हटलं, एकदा तुमच्याशीच सरळ बोलून घ्यावं. मी माफी मागायला लिहीत नाही. गाडी मी विचार करून घेतली आणि उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढं लिहिताना माझा हात कचरेल हे मला माहीत आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो. पुढं शाळा झाली नाही. तुमची काळी-पिवळी जीप काही वर्षं काकानं चालवली. मग सवाऱ्या ऑटोत गेल्या, आपापल्या मोटारसायकलींवर गेल्या, आणि एक दिवस भंगारवाला जीप ट्रॅक्टरला बांधून घेऊन गेला. त्या दिवशी मी मुद्दाम कामावर लवकर निघून गेलो होतो. मी गोंदियाला एका फ्लेक्सच्या दुकानात आहे. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, तेरवीचे बॅनर आणि लग्नसराईत पत्रिका. गिऱ्हाईक मोबाइलवर मजकूर पाठवतं आणि त्यातल्या वेलांट्या-उकार मी नीट करतो. मालक म्हणतो, "इतना मत देख रे, फ्लेक्स कौन पढता है." मी बघतो. माझा स्वभावच तसा आहे. कुलूप लावल्यावर मी ते ओढून पाहतो, आणि थोडं पुढं गेलो की परत येऊन ओढतो. तुम्ही असता तर हसला असता.

आपल्या गावातून गोंदियाला रोज जाणं आणि रोज येणं, याला इकडे अप-डाऊन म्हणतात हे तुम्हाला काय सांगायचं. तुमच्या जीपमध्ये अप-डाऊनवालेच तर असायचे. शाळेच्या बाई असायच्या, दवाखान्यातला कंपाउंडर असायचा. त्यांची घाई आणि तुमचा नियम यांचं रोज भांडण. तुमचा नियम एकच होता, गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. बाई मनगट पुढं करून घड्याळ दाखवायच्या आणि तुम्ही बोनेटला टेकून म्हणायचे, "बसा ना बाई, दोन सवाऱ्या येऊन राहिल्या." त्या दोन सवाऱ्या कुठून येऊन राहिल्या हे कोणालाच दिसायचं नाही. बाई उशिरा पोचायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्याच जीपमध्ये बसायच्या, कारण दुसरी जीपही भरल्याशिवाय हलत नव्हती. मी सुट्टीच्या दिवशी पुढच्या सीटवर, तुमच्या आणि दाराच्या मध्ये. गाडी उभी असली की मी तोंडानं चालवायचो. घुर्र, मग गिअर, मग पुन्हा घुर्र. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारली होती ती मला आठवते. "तोंडानं गाडी चालवून राहिला का गा? कानानं चालव. ती बोलते, आयकून पाय." सवाऱ्या हसल्या. त्यानंतर मी तुमच्यासमोर कधी तोंडानं गाडी चालवली नाही. गप्प बसून ऐकायचो. इंजिनातले टॅपेट वाजतात म्हणजे काय, क्लच घसरतो तेव्हा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, हे सगळं मी तुमच्या शेजारी बसून शिकलो. आता मी घेतलेली गाडी बोलतच नाही. हे पहिलं दुःख, असं तुम्ही म्हणाल. काकानं पहिलं तेच म्हटलं.

एका वर्षी तान्ह्या पोळ्याला तुम्ही मला बैल करून दिला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांनी आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत मारुतीच्या देवळापुढं न्यायचे. बाकीच्यांचे बैल बाजारातून रंगवून आणलेले. माझा तुम्ही स्वतः तासला होता, सागाच्या तुकड्याचा, जरा रेड्यासारखा दिसणारा, आणि चाकांच्या जागी जीपमधून काढलेली जुनी बेअरिंगं बसवलेली. दिसायला सगळ्यांत खराब. पण दोरी नुसती हातात धरली तरी तो पुढं यायचा. देवळाच्या उतारावर तर मलाच मागं टाकून गेला आणि पोलीस पाटलाच्या धोतराला जाऊन लागला. बक्षीस सजावटीला असतं, ते आपल्याला मिळालं नाही. तुम्ही म्हणालात, "सजवलेले त उभेच राहतात. आपला चालून राहिला न." हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुढं तुमच्यावरच वापरणार आहे.

गाडी घ्यायचं मी मनात घेतलं तेव्हा काका म्हणाला, जुनी डिझेल गाडी घे, तुझ्या बापाचं नाव स्टँडवर अजून आहे, भाडं मारशील, लग्नाचं वऱ्हाड नेशील. मी म्हटलं, मला भाडं मारायचं नाही, मला रोज गोंदियाला जायचं आहे आणि संध्याकाळी परत यायचं आहे. पावसाळ्यात मोटारसायकलवर भिजून दुकानात पोचलो की कॉम्प्युटरवर पाणी गळतं. हिवाळ्यात जंगलाच्या बाजूनं रानडुक्कर आडवं येतं. गावातले आणखी दोघं-तिघं माझ्याच वेळेला जातात, खर्च वाटून घेऊ. मी शोरूममधून आणलेला कागद काकानं हातात घेतला, चित्र पाहिलं, उलटं करून मागं काही आहे का तेही पाहिलं. मग बाजेवर टाकला. "हा तान्ह्या पोळ्याचा बैल होय गा. दाखवाले बरा. नांगराले जुंपशीन त बसून जाईन." सगळे हसले. मग तो हसणं थांबवून म्हणाला, आणि हेच माझ्या मनात आजपर्यंत रुतून आहे, "तुह्या बापाच्या जीपनं कोणाले नाही म्हटलं नाही. बाळंतीण असो, विंचू चावलेला असो. ही गाडी नाही म्हणीन. तवा गावात तोंड कसं दाखवशीन?"

मी गाडी घेतली. सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त, पांढरी. ज्या दिवशी घरी आणली त्या दिवशी मायनं पूजा केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, इथवर सगळं तुमच्या जीपसारखंच. मी शेजाऱ्यांना पेढे देत होतो. ही गाडी चार्ज कुठून होते असं मायनं शोरूमच्या पोराला आधीच विचारून ठेवलं होतं आणि त्यानं पुढच्या बाजूचं झाकण उघडून दाखवलं होतं. पोळ्याला बैलाच्या तोंडात पुरणपोळी दिल्याशिवाय आपल्या घरी पूजा पुरी होत नाही. मायनं ते झाकण उघडलं, आत हळद-कुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या आणि झाकण लावून हात जोडले. संध्याकाळी मी वायर लावायला गेलो तर ती आत बसेना.

"माय, यात तांदूळ कोणं टाकले?"

"मीनंच टाकले. तिथूनच खाते न ते?"

"अवो, तिथून लाइन जाते."

"मंग? उपाशी पाठवतेत का पहिल्या दिवशी?"

मी टॉर्च दातात धरून, जुन्या टूथब्रशनं, एक-एक दाणा बाहेर काढला. दुकानातला धूळ उडवायचा ब्लोअर असता तर बरं झालं असतं असं सारखं वाटत होतं. मला घाई होती, कारण सकाळी तिघांना न्यायचं कबूल केलं होतं. काका बाजेवर बसून विचारत होता, "का गा, दात निघाले का तिचे?" शेवटी वायर बसली आणि दिवा लागला, पण लाल. चार्जिंग होत नव्हतं. सकाळी तिघंही ऑटोनं गेले आणि मी मोटारसायकलनं. स्टँडवर मला पाहून एक जण ओरडला, "क्यों भाऊ, खिलौने का सेल खतम हो गया क्या?" कुंकवाची गोष्ट माझ्या आधी तिथं पोचली होती. नंतर वायरमन आला तेव्हा कळलं की दोष तांदळाचा नव्हताच. आपल्या घराला अर्थिंग नाही. इतकी वर्षं पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं तसंच चालत होतं. या गाडीनं मात्र नकार दिला. वायरमननं मागच्या अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ टाकून तांब्याची पट्टी पुरली आणि सांगितलं, उन्हाळ्यात इथली माती वाळू देऊ नका, पाणी घालत जा. माय आता रोज तांदूळ धुतलेलं पाणी तिथं नेऊन ओतते. मीच घालतो म्हटलं तर म्हणते, "तू तुहं काम कर, तिचं जेवणखाण मी पाहीन." गाडी चार्जिंगला असली की पाण्याची मोटर आणि मिक्सर सोबत चालत नाहीत, लोड पेलत नाही. मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून विचारते, "जेवली का रे ते? मले चटणी वाटाची हाये." माझ्या गाडीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत बाबूजी, पण तिला जेवलीस का असं विचारणारं एक माणूस या घरात आहे.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे परवडते का? साध्या, रोज जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला ही गाडी घेण्यात अर्थ आहे का? मी तुम्हाला शोरूमवाल्यासारखं सांगणार नाही. कंपनी सांगते तितकी ती एका चार्जिंगमध्ये जात नाही. मे महिन्यात एसी लावला की समोरचा, उरलेल्या किलोमीटरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. माझ्यासोबत एका दवाखान्यातल्या सिस्टर येतात, त्या मागच्या सीटवरून मान लांब करून तो आकडा वाचतात. "बंद करा बापा एसी, मले गरमीनं नाही, तो आकडा पाहून घाम येऊन राहिला." राइस मिलचे मुनीमजी पुढं बसतात, ते म्हणतात, "अरे दीदी, रुकी तो मैं धक्का दूँगा, आप सिर्फ गाना गाना." गोंदियात काही बिघडलं तर एकच दुकान आहे आणि तिथला पोरगा आधी नागपूरला फोन लावतो. तिकडे लांब अर्जुनी मोरगावकडे प्रतापगडच्या यात्रेला जायचं तर मी या गाडीनं जाणार नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांना पाहुणे कोंबून गावोगाव हिंडायचं तर हिच्यानं होणार नाही. नागझिऱ्याला पर्यटक फिरवणारा माझा मित्र म्हणतो, मला उपयोगाची नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याला उद्या कुठं जायचं ते आज माहीत नसतं. पण मला माहीत असतं. सिस्टरला माहीत असतं, मुनीमजींना माहीत असतं. रिटायर होईपर्यंत उद्या कुठं जायचं हे आम्हाला पक्कं माहीत आहे. त्याच रस्त्यानं जायचं, त्याच रस्त्यानं यायचं, आणि घरी आल्यावर गाडीनं रात्रभर अंगणात उभं राहायचं. अशा माणसासाठी ही गाडी शहाणपणाची आहे, आणि आपल्या जिल्ह्यात अशीच माणसं जास्त आहेत. स्टँडवरच्यांना हे पटत नाही, कारण त्यांनी जन्मभर सवारीची वाट पाहिली. मी वाट पाहत नाही. सिस्टरची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी आम्ही दवाखान्याच्या फाटकात असतो, मागची सीट अर्धी रिकामी असली तरी. ते बाईंचं मनगटावरचं घड्याळ मी विसरलेलो नाही.

आता मला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. त्याबद्दल मी आजवर कोणाशी बोललो नाही, तुमच्याशीसुद्धा नाही. मी चौथी-पाचवीत असेन. बोदलकशाच्या तलावाच्या काठावर मासे धरणाऱ्या एका घरातली म्हातारी तापानं फणफणली होती आणि तिचा मुलगा तुम्हाला बोलवायला धावत आला. तुम्ही जेवणावरून उठलात. मीही मागं लागलो आणि पुढं बसलो. म्हातारीला मागच्या सीटवर आडवं केलं, मुलगा तिच्या पायाशी. गावाबाहेर नाल्याचा पूल येतो, त्याच्या पुढं फाटा फुटतो, एक रस्ता तिरोड्याला आणि एक गोंदियाला. जीप त्या पुलावर आली, दोन आचके दिले आणि थांबली. डिझेल संपलं होतं. तुमची रीत मला माहीत होती, स्टँडवरच्या सगळ्यांचीच ती रीत होती. आधी सवाऱ्या बसवायच्या, त्यांचं भाडं हातात घ्यायचं, मग पंपावर तेवढ्याच फेरीचं डिझेल टाकायचं. त्या दिवशी सवाऱ्या नव्हत्या, आणि म्हातारीच्या मुलाकडं तुम्ही भाडं मागणार नव्हता. ऊन पडलेलं आहे, नाल्याला थोडंसं पाणी आहे, तुम्ही रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून दोन्हीकडं बघता आहात. म्हातारी मागून विचारते, "आलं का गोंदिया?" तुम्ही म्हणता, "आलंच माय." खूप वेळानं एक ट्रॅक्टर येतो. तुम्ही त्याच्या टाकीत रबरी नळी घालून तोंडानं ओढता, डिझेल तोंडात येतं, थुंकता, पुन्हा ओढता. नाल्याचं पाणी घेऊन चुळा भरता आणि खोकत स्टिअरिंगवर बसता. म्हातारी वाचली. परत येताना आपण दोघंच होतो आणि पुलावर तुम्ही म्हणालात, "कोणाले सांगू नको, हं. लोक बसत नाहीत मंग."

मी सांगितलं नाही. पुढं त्या घरून टोपलीभर मासे आले. मायनं झणझणीत रस्सा केला आणि चुलीपुढं तुम्हाला वाढता वाढता कौतुकानं सांगत होती की, म्हातारी म्हणते, देवासारखी धावली जीप. तुम्ही मान खाली घालून जेवत होता. मी तुमच्याकडं बघत होतो आणि तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. गावात तुमच्या जीपची कीर्ती झाली ती तिथून.

मागच्या महिन्यात धानाची रोवणी सुरू होती. एका रात्री वारा-पाऊस झाला, कुठंतरी तारेवर झाड पडलं आणि गावाची लाइन गेली. गाडी अर्धीच चार्ज झाली होती. सकाळी मी हिशेब केला, जाऊन येईन इतकी होती, म्हणून गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हाही लाइन आलेली नव्हती आणि गाडीत थोडकीच चार्जिंग उरली होती. मी हात-पाय धुतो आहे तेवढ्यात काकू ओरडत आली. काकाला धानाच्या बांधीत परह्याची रोपं उपटताना पायाला काहीतरी चावलं होतं. साप होता हे नक्की, कोणता ते पाहिलं नव्हतं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसरीकडं गेलेली. काकाला घेरी येत होती, मोटारसायकलवर बसवता येईना. चौघांनी उचलून माझ्या गाडीत ठेवलं. काकू शेजारी बसली. मी समोरचा आकडा पाहिला. तिरोड्यापर्यंत पुरेल, थोडं उरेल. गोंदियाचं नाव काढायचं नाही. मी तो आकडा परत पाहिला, पुन्हा पाहिला, कुलूप ओढून पाहतो तसा.

"गोंदियाले घे," काका म्हणाला. "सीधा गोंदियाले."

"गोंदियाले नाही काका. तिरोड्याले जाऊन राहिलो. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन भेटते."

"काऊन? चार्जिंग नाही का?"

"तिरोड्यापुरती हाये."

"पाय!" त्यानं काकूचा हात धरून सांगितलं, जणू एवढं ऐकायलाच तो जिवंत राहिला होता. "पाय, म्हटलं नव्हतो मी? तान्ह्या पोळ्याचा बैल!"

"तुम्ही बोलू नका, पाय हलवू नका."

"कायले चूप बसू? मरता मरता बी बोलू नको का? तुहा बाप राहिला असता त आतापर्यंत गोंदियाले..."

आम्ही पुलावर होतो. नेमके पुलावर. माझ्या जिभेवर आलं होतं, बाबूजी. याच जागी, काका, याच जागी तुमच्या भावाची जीप बंद पडली होती, आणि मागच्या सीटवर म्हातारी विचारत होती, आलं का गोंदिया. एका वाक्यात सगळं संपलं असतं. इतक्या वर्षांचे टोमणे, तान्हा पोळा, सेल खतम, सगळं. मी आरशात पाहिलं. काकाचा चेहरा मातीसारखा झाला होता आणि तरी तो तुमचंच नाव घेत होता. ते वाक्य मी पुलावरच सोडलं. फाट्यावर गाडी तिरोड्याकडं वळवली. काकू मधेच घाबरून म्हणाली, "बंद पडली का रे? आवाजच नाही." मी म्हटलं, "चालून राहिली काकू. आवाज नसते हिले."

तिरोड्याला त्यांनी काकाला रात्रभर ठेवलं, वारंवार रक्त तपासलं आणि सकाळी सांगितलं, विष चढलेलं नाही, घरी न्या. स्टँडवर आता काका कसं सांगतो ते ऐका. "साप सादा निघाला म्हणून वाचलो. नाग राहिला असता त मी त्या खेळण्यातच मेलो असतो. पोरगं म्हणते, गोंदियाले नाही जात! बापानं कधी म्हटलं असतं का?" लोक माना डोलावतात. परवा तो आपल्या अंगणात बसून पुन्हा तेच सांगत होता आणि मी चार्जिंगची वायर लावत होतो. बोलणं न थांबवता त्यानं वाटेतली वायर पायानं बाजूला केली, म्हणजे मी अडखळू नये. गाडी चांगली आहे असं त्याच्या तोंडून यापेक्षा जास्त निघणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्या गाडीनं नाही म्हटलं, हे खरं आहे. पण तिनं घरच्या अंगणातच म्हटलं, आकडा दाखवून म्हटलं, म्हणून मला कुठं वळायचं ते ठरवता आलं. तुमची जीपही नाही म्हणायची, बाबूजी. ती पुलावर म्हणायची. सगळ्यांना हो म्हणून रिकाम्या टाकीनं निघण्यात मन मोठं असतं हे मला कबूल आहे. मी ते मोठं मन पाहिलं आहे, डिझेल थुंकताना पाहिलं आहे. पण मला ते जमणार नाही आणि ते जमत नाही म्हणून मी खाली बघणार नाही. मी घाबरट आहे, मी कुलूप ओढून पाहतो, मी आकडा तीनदा वाचतो. या गाडीला असाच माणूस लागतो. आणि ते खेळणं म्हणतात त्याचं मला आता काही वाटत नाही. काका विसरला असेल, पण तान्ह्या पोळ्याचा बैल मला कोणी करून दिला होता ते मी विसरलेलो नाही. सजवलेले उभे राहतात, आपला चालून राहिला न, हे कोण म्हणालं होतं?

हे पत्र मी तुमच्या फोटोमागं ठेवणार होतो. पण माय दर सणाला फोटो उतरवून काच पुसते, ती वाचायला कोणाला तरी देईल, आणि पुलाची गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टँडवर जाईल. म्हणून ते कुठंच ठेवणार नाही. लिहून झालं की अर्थिंगच्या खड्ड्यात टाकीन, कोळसा-मिठासोबत कुजून जाईल. शुद्धलेखन मात्र मी दोनदा तपासलं आहे.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी सिस्टर आणि मुनीमजी गावाच्या अलीकडच्या टोलीवर, त्यांच्या वस्तीवर, उतरतात. तिथून घरापर्यंत मी एकटा असतो. पूल येतो, त्याच्या अलीकडं चढ लागतो, तुम्ही तिथं गिअर बदलायचे. माझ्या गाडीला गिअर नाही. मी काचा वर करतो, मागून कोणी येत नाही ना ते आरशात पाहतो, आणि तोंडानं काढतो. घुर्र, मग तिसरा, मग दुसरा, आणि पूल ओलांडेपर्यंत सोडत नाही.